मल्लखांब म्हणा ना, मॅडम

जयपूरच्या सीतापुऱ्यात एक खाजगी फार्मसी कॉलेज आहे. तिथे प्रणाली सरवदे नावाची बाई गेली कित्येक वर्षं शिकवते. मूळची बार्शीची. लग्न झालं, नवरा देवदत्त दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन केंद्रात लागला आणि त्याच्यामागून तीही राजस्थानात आली. विद्यार्थ्यांना विचाराल तर सांगतील, कडक आहेत मॅम. जर्नलमध्ये एक आकृती तिरकी दिसली तर पान परत काढायला लावतात. स्टाफला विचाराल तर म्हणतील, कामाची बाई. विद्यापीठाची तपासणी समिती येणार म्हटलं की सगळी कागदपत्रं हिच्याच टेबलावर येऊन पडायची. विभागप्रमुख निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांच्या खुर्चीत पुढे कोण बसणार, हे कॉलेजातला शिपाईसुद्धा सांगू शकला असता.

आणि या बाईला यंदा एका खांबावरून छळलं गेलं.

झालं होतं असं. चाळिशी उलटली आणि प्रणालीचा उजवा खांदा धरला. केस विंचरायला हात वर जाईना, फळ्यावर लिहिताना डोळ्यांत पाणी यायचं. फिजिओथेरपी झाली, शेक झाले, जिम लावून झाली. जिममध्ये तिला भयंकर कंटाळा यायचा. मग कुणीतरी मालवीय नगरमधल्या मयूरी राठौडचं नाव सांगितलं. ही मयूरी पूर्वी जिम्नॅस्ट होती. आता घराच्या वरच्या मजल्यावर पोल फिटनेसचे वर्ग घ्यायची. फरशीपासून छतापर्यंत घट्ट बसवलेला गुळगुळीत पोलादी खांब, आणि हातापायांच्या पकडीवर त्याच्यावर चढायचं, लटकायचं, उलटं व्हायचं. कापड घसरतं, कातडी धरते, म्हणून अंगात शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचा टॉप. इतकी साधी गोष्ट.

पहिल्या दिवशी प्रणालीला क्षणभरही लटकता आलं नाही. घामाने हात सुटला आणि ती धपकन बसली. पण मयूरी हसली नाही आणि प्रणालीही उठून गेली नाही. थंडीत तो खांब इतका गार पडायचा की आधी गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने पुसून घ्यावा लागायचा. उन्हाळ्यात तळव्यांना खडूची पूड चोळली तरी हात सटकायचे. हळूहळू खांदा मोकळा झाला. आणि एका संध्याकाळी ती उलटी झाली ती झालीच, पंखा पायांखाली आणि फरशी डोक्यावर. त्या दिवशी स्कूटरवरून घरी येताना ती सिग्नलला एकटीच हसत होती. बाजूचा रिक्षावाला तिच्याकडे बघत राहिला.

पण हे कॉलेजात कळू द्यायचं नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. भित्री म्हणून नव्हे. ते कॉलेज तिला ठाऊक होतं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात नाचलेल्या एका तरुण शिक्षिकेला तिथे केबिनमध्ये बोलावून समज दिली होती, का तर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. तेव्हा प्रणालीने स्वतःपुरती नीट भिंत बांधली. वर्गाचे फोटो काढायचे नाहीत. चित्रण चाललं असेल तर पाठ करून उभं राहायचं. शेजारणींनी विचारलं तर ‘योगा’ म्हणायचं. शॉर्ट्स कधी कॉलेजच्या पिशवीत ठेवायच्या नाहीत. एवढी काळजी माणूस चोरीचा माल सांभाळतानाही घेत नसेल. आणि इथे चोरी कसली, तर स्वतःचा खांदा स्वतः बरा केल्याची.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती. खांबाला दंड आणि मांड्या घासल्या जातात, आणि तिथे काळेनिळे डाग पडतात. एकदा प्रयोगशाळेत एका मुलाच्या हातून द्रावण सांडलं. प्रणालीने घाईने बाही वर सारून हात नळाखाली धरला. शेजारी डॉ. विमला खंडेलवाल उभ्या होत्या. ज्येष्ठ प्राध्यापिका, कॉलेजच्या महिला तक्रार समितीच्या अध्यक्ष. त्यांनी ते दंडावरचे डाग पाहिले आणि नजर फिरवली. प्रणालीने बाही खाली ओढली. पुढे काही महिने स्टाफरूममध्ये तिच्याशी सगळे जरा हळू आवाजात बोलायचे. कुणी चहा पुढे करायचं, कुणी पाठीवर हात ठेवायचं. तिला वाटलं, तपासणीच्या कामाने मी थकलेली दिसत असेन.

फेब्रुवारीत मयूरीने वर्गाचा एक छोटा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. प्रणालीने नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याकडे पाठ केली होती. पण त्या खोलीची समोरची भिंत म्हणजे आरसा. आरशात ती अख्खी दिसत होती, उलटी, गाल लाल झालेले. कॉलेजातल्या संकल्प जैन या तरुण सहकाऱ्याच्या मेहुणीने तो पाहून त्याला दाखवला; संकल्पने प्रणालीला ओळखलं आणि तो स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘हमारी मॅडम का टॅलेंट!’ आणि हसणारी तोंडं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य भार्गवांनी तिला बोलावलं. विमला मॅडम आधीच बसलेल्या होत्या. बोलणं हिंदीत झालं, पण प्रणालीने घरी येऊन ते मराठीत इतक्यांदा सांगितलं की आता ते मराठीतच लक्षात राहिलंय.

भार्गवांनी फोन तिच्यापुढे सरकवला. “ह्या तुम्हीच का?”

“हो, सर.”

“नीट बघा. चेहरा तसा पुसट आहे.”

“मीच आहे.”

त्यांना ते उत्तर नको होतं. “उद्या पालकांनी हे पाहिलं तर?”

“तर त्यांना दिसेल की मी व्यायाम करते.”

“असले कपडे घालून?”

“पोहताना काय घालतात, सर?”

“पोहणं वेगळं.”

“कसं वेगळं?”

यावर भार्गव पाणी प्यायले. मग विमला मॅडम बोलल्या, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा त्यांच्या आवाजात फसवलं गेल्याचं दुःख जास्त होतं. “आम्हाला किती वाईट वाटायचं तुमच्याबद्दल! तुमच्या हातावरचे ते डाग बघून आम्ही समजायचो की घरी…”

“घरी काय?” प्रणालीने विचारलं.

“जाऊ द्या ना.”

“नाही. सांगा.”

“हेच, की मिस्टर हात उचलतात.”

प्रणालीला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं. “असं कुणाकुणाला वाटत होतं?”

विमला मॅडमनी भार्गवांकडे पाहिलं. प्रणालीनेही पाहिलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. म्हणजे त्यांनाही. म्हणजे सगळ्यांनाच. ते पुढे केलेले चहाचे कप, तो पाठीवरचा हात, त्या सगळ्याचा अर्थ तिला तिथे बसल्या बसल्या उलगडला.

“विमलाजी, तुम्ही तक्रार समितीच्या अध्यक्ष आहात. तुम्हाला वाटत होतं की मी मार खाते. मग एकदा विचारलं का नाहीत?”

“तो तुमच्या घरचा मामला. आम्ही मध्ये कसं पडणार?”

“वा! नवऱ्याने मारलं असतं तर तो घरचा मामला. आणि मी माझ्या वेळेत, माझ्या पायांनी खांबावर चढले तर तो कॉलेजचा?”

“आवाज खाली, मॅडम,” भार्गव म्हणाले.

तिचा आवाज खरंच चढला होता, आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

भार्गव काही दुष्ट माणूस नव्हेत. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, आणि मार्गही त्यांनी शोधून ठेवला होता. ते पुढे झुकले, अगदी आपुलकीने. “तुम्ही महाराष्ट्राच्या ना? मग मल्लखांब म्हणा ना, मॅडम. आपली परंपरा आहे. कुणी तोंड उघडणार नाही. दोन ओळी लिहून द्या, की मी मल्लखांबाचा सराव करत होते, आता बंद केला आहे. विभागप्रमुखाची ऑर्डर निघायची आहे. मलाही वरती उत्तर द्यावं लागतं.”

“मला मल्लखांब येत नाही, सर.”

“कोण तपासायला येणार आहे?”

बार्शीच्या शाळेत मैदानाच्या कडेला मल्लखांब होता. मुलं त्याला तेल लावून चढायची. प्रणाली सातवीत असताना एकदा फ्रॉक खोचून त्याला भिडली होती, तर सरांनी कान धरून तिला लेझमीच्या रांगेत नेऊन उभं केलं. पोरींचं काम नाही, म्हणाले. तेव्हा ज्या खांबाला हात लावू दिला नाही, त्याच खांबाच्या नावाआड आता लपायचं? तिने एवढंच सांगितलं, “उत्तर लेखी देते,” आणि ती उठली.

घरी आल्यावर तिने देवदत्तला आणि चौदा वर्षांच्या अनुश्रीला सगळं सांगितलं. देवदत्तचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी तुला मारतो असं त्यांना वाटत होतं? अगं, संक्रांतीला तुझा अख्खा स्टाफ आपल्या गच्चीवर पतंग उडवायला आला होता! माझ्या हातचा तिळगूळ खाल्ला त्यांनी! तो संकल्प मला मिठी मारून गेला!”

“हो ना. मारकुट्या माणसाला मिठी मारायला त्यांची हरकत नव्हती.”

तो खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. मग म्हणाला, “मी येऊ का कॉलेजात?”

“येऊन काय करशील? मी बायकोला मारत नाही असं प्रमाणपत्र देशील?”

तो बसला. खालच्या आवाजात म्हणाला, “हे बघ, म्हणून टाक मल्लखांब. त्यांची तोंडं बंद होतील, तुझी ऑर्डर निघेल. नंतर कोण विचारतंय?”

“तूसुद्धा?”

“मी आपलं व्यवहाराचं सांगतोय.”

अनुश्री जयपुरातच वाढलेली, तिची मराठी अडखळत चालते. ती म्हणाली, “पण बाबा, मल्लखांब तर लकडीचा असतो ना? मग आईने मतलब झूठ बोलायचं?”

देवदत्त उठून ताटं घ्यायला गेला. सकाळी तो चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आला आणि म्हणाला, “तुला जे लिहायचं ते लिही. मी काल उगाच बोललो.”

तिने लिहिलं. कॉलेजच्या वेळेबाहेर मी पोल फिटनेसचा व्यायाम करते आणि करत राहीन. यात सेवेच्या कोणत्या नियमाचा भंग होतो ते कळवावं. सहकारी शिक्षिकेचा व्हिडिओ तिला न विचारता ग्रुपवर टाकणाऱ्यावर काय कारवाई झाली तेही कळवावं. आणि समितीच्या अध्यक्षांना एका सहकारी स्त्रीला घरी मारहाण होत असल्याचा संशय असताना त्यांनी इतके महिने काय केलं, याची नोंद समितीच्या पुढच्या बैठकीत व्हावी. प्रत तिने समितीच्या प्रत्येक सदस्याला दिली.

त्यानंतर जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती. नियम कुणी दाखवला नाही, कारण तसा नियम नव्हता. व्हिडिओ ग्रुपवरून काढला गेला. संकल्पला कुणी एक शब्द विचारला नाही. समितीची बैठक पुढे ढकलली, पुन्हा पुढे ढकलली. विमला मॅडम समोरून आल्या की पर्समध्ये किल्ली शोधू लागायच्या. एकदाच, जिन्यात दोघीच असताना, त्या पुटपुटल्या, “मला विचारायला हवं होतं.” प्रणाली म्हणाली, “हो, हवं होतं,” आणि वर निघून गेली. तिला त्यांना माफ करायचं नव्हतं, आणि का करावं? उद्या खरोखरच मार खाणारी कुणी बाही ओढत त्यांच्यासमोर उभी राहिली तर त्या काय करणार होत्या?

विभागप्रमुखाची ऑर्डर निघाली. ती संकल्पच्या नावाची होती. नोकरीला तिच्या मागून लागलेला, तिच्याच हाताखाली पहिलं प्रॅक्टिकल घ्यायला शिकलेला संकल्प. कारण दिलं होतं, ‘तरुण नेतृत्वाला संधी’. कुठेही खांबाचा उल्लेख नाही. अशा ऑर्डरींत खरं कारण कधी असतं?

पुढे काय करायचं, याचा ती अजून विचार करते आहे. एका वकिलीणबाईंना भेटून आली आहे. दुसऱ्या एका कॉलेजात मुलाखतीलाही जाऊन आली. तिथे छंद विचारल्यावर तिने सरळ सांगितलं, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

जुलैत नवं सत्र सुरू झालं तेव्हा संकल्प तिच्या टेबलाशी आला. हातात कोरं टाइमटेबल होतं.

“मॅम, हे तुम्हीच करून द्या ना. तुम्हाला सवय आहे. आणि तपासणीच्या फाइलींचंही जरा बघा. मला त्यातलं काही कळत नाही.”

स्टाफरूममध्ये सगळ्यांचे हात थांबले. विमला मॅडमनी मान वर केली नाही.

प्रणालीने कागद घेतला, पाहिला आणि त्याच्या हातात परत दिला. “हे विभागप्रमुखाचं काम आहे, संकल्प.”

“पण मॅम, तुम्ही इतकी वर्षं…”

“इतकी वर्षं केलं. आता ज्याची खुर्ची त्याचं काम. माझे तास मी घेईन, माझ्या मुलांची जर्नल्स तपासेन. बाकी तुम्ही बघा.”

तो तिथेच उभा राहिला. तिने समोरचं जर्नल उघडलं. आकृती तिरकी होती. तिने लाल पेनने तिच्यावर रेघ मारली आणि त्या मुलाला आत बोलावलं.