मातीसकट अळंबी

मावशीकडून अळंबी घ्यायची म्हणजे निम्मी मातीच घरी न्यायची, अशी बाजारात थट्टा चाले. चाळीस वर्षं ती रानातून अळंबी आणून कोपऱ्यावर बसत होती आणि प्रत्येक अळंबी बुडासकट उपटत होती. विषारी जात ओळखायची खूण बुडाशी, मातीत दडलेली असते. तिथे पांढरी पिशवी असते. देठ वरून कापला की पिशवी जमिनीतच राहते आणि हातात येते ती अळंबी अगदी साळसूद दिसते. म्हणून मावशी गिऱ्हाइकासमोर एकेक बूड उलटं करून दाखवायची. कुणी घाई केली की म्हणायची, "मग जा दुकानात, डब्यातली घे."

हॉटेलच्या आचाऱ्याला स्वच्छ, कापलेलीच हवी होती. मावशीने त्याला वाटेला लावलं, तर तो थेट तिच्या धाकट्या जावेकडे गेला. जाऊ मावशीच्याच हाताखाली शिकलेली. ती रानातच सुरी चालवू लागली.

"अगं, बूड तिथेच टाकून आलीस तर घरी येऊन बघणार काय, कपाळ?"

"जाऊबाई, माझं चार पैशांचं चाललंय ते बघवत नाही तुम्हाला."

मावशीने कानाला खडा लावला. पुन्हा ब्र काढला नाही आणि पुढे त्याबद्दल स्वतःला कधी माफही केलं नाही.

त्या हॉटेलात जेवलेलं एक जोडपं दवाखान्यात पोचलं. नवरा वाचला, बायको गेली. जाऊ तोंड लपवून घरात बसली आणि बाजाराने दोघींना एकाच माळेत ओवलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक असलेल्या शिक्षिकाबाईसुद्धा म्हणाल्या, "माझा विश्वास आहे हो मावशी, पण घरचे ऐकत नाहीत." मेले घरचे! विश्वास नव्हता तर तसं सांगायचं.

भरली टोपली तशीच घरी आली. मावशीने अळंबी शिजवून सगळ्यांना वाढली. याच अळंबीवर वाढलेल्या मुलाने आपल्या लेकीची वाटी हळूच बाजूला सरकवली.

"आई, तिला नको."

"आणि तुला?"

"आज पोट जरा जड आहे."

सून मान खाली घालून भात कालवत राहिली. मावशीने चारही वाट्या आपल्या ताटात ओतल्या आणि बोटं चाटून संपवल्या.

सकाळी तिला जाग आली तेव्हा मुलगा उशाशी उभा होता.

"बरं वाटतंय ना गं?" त्याने विचारलं.

त्यानंतर मावशी रानात गेली नाही.