भैरोबापुढं अर्धाच राहिलेला कौल

माघातला रविवार, दुपारचे तीन. भिगवणच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मासळीच्या जेवणाचं बिल झालं दोन हजार तीनशे चाळीस रुपये. हजर दोघेच, मी आणि माझा मेहुणा दत्ता. त्याच्या नव्या ट्रॅक्टरची ती पार्टी होती. पैसे त्याने दिले. मी दोन पेग घेतले, त्याने चार, म्हणून शहाणा मी ठरलो आणि पिकअप मी चालवली. पुढच्या वळणावर पोलिसांनी अडवून यंत्रात फुंकायला लावलं. मर्यादा तीसची, माझा आकडा आला चौसष्ट.

इंदापूरच्या कोर्टाचं समन्स आलं. वकीलसाहेबांनी दोन्ही वाटा नीट समजावल्या. गुन्हा कबूल केला तर बहुधा दंडावर मिटेल, पण लायसन्स काही महिने जाईल. नाकबूल म्हटलं तर खटला चालेल, तारखा पडतील, दत्ताची साक्ष होईल. ऐन पेरूच्या तोडणीत दिवसाआड बाजार गाठायचा तर लायसन्स हवंच. मी कुणाचा रुपया चुकून जास्त आला तरी परत नेऊन देणारा माणूस, पण या वेळी मन नाकबूलकडेच झुकत होतं.

दत्ताने तर तयारीच केली. "दाजी, खोकल्याचं औषध घेतलं हुतं म्हणा. मी शपथेवर सांगतो."

"किती घेतलं म्हणशील?"

"बाटलीभर!"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघंबी खोकत जावा कोर्टात." हसलो खरा, पण निर्णय होईना. शेवटी नीरेकाठच्या आमच्या भैरोबाला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

गुरवाने कळ्या लावल्या आणि म्हणाला, "इचारा. हो-न्हायमधी उत्तर येईल असं इचारा."

मी हात जोडले. "देवा, दोन पेग घेतले हे खरं, पण जेवण पोटभर झालं होतं. यंत्रही जुनं असू शकतं. गाडी सरळ चालली होती. तर अशा परिस्थितीत नाकबूल म्हणणं…" वाक्य काही संपेना. जितकं खरं सांगावं तितकं ते लांबत होतं. मागे रांगेत एक म्हातारी उभी होती. तिची म्हैस तीन दिवस सापडत नव्हती.

"पावनं," ती म्हणाली, "तुमी पिऊन गाडी चालवली का न्हाय?"

"चालवली."

"मग ह्यात देवाला काय इचारताय? त्ये तुमालाच ठावं हाय. सरा बाजूला, मला म्हशीचं इचारू द्या!"

गुरव हसला, रांग हसली, आणि खरं सांगतो, मीही हसलो. कितीतरी दिवसांचा भार त्या हसण्यात उतरला. मी बाजूला सरून ओट्यावर बसलो. थोड्या वेळाने आभार मानायला वळलो तर ती निघून गेली होती. ती कोण, कुठली, गुरवालाही माहीत नव्हतं. मी त्याबद्दल जास्त काही म्हणत नाही. देवापुढे उभा होतो आणि उत्तर पाठीमागून आलं, एवढंच लिहितो.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे, साहेब. दोन पेग. जेवण पोटभर…"

"विचारलं तेवढंच सांगा."

"कबूल आहे."

लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. आता पेरू घेऊन दत्ता पिकअप चालवतो, मी डावीकडे बसतो. पहिले काही दिवस माझा पाय रिकामाच ब्रेक दाबायचा. आता दाबत नाही. आपल्या हातात जे नाही ते सोडून बसता येतं आणि तरीही माल वेळेवर बाजारात पोचतो, हे मला या वयात कळलं. ही भैरोबाचीच कृपा मानतो.

दंड दहा हजार रुपये कोर्टात भरला, पावती घेतली. वकीलसाहेबांना तीन हजार दिले. कौलाचे एक्कावन्न रुपये गुरवाला द्यायला गेलो, तर तो म्हणाला, "कौल झालाच कुठं? न्हाय घेत." मग ते एक्कावन्न रुपये भैरोबाच्या पेटीत टाकले.