लाल शाईतले शेरे

“सर, माझं ठरलंय. महिनाअखेर मी सोडतेय,” मंजिरी म्हणाली आणि राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला.

वर्षभरातला हा चौथा. जपानच्या कावासाकी शहरातली आमची सॉफ्टवेअर कंपनी सगळी मिळून अठरा माणसांची, त्यात सहा भारतीय इंजिनीअर. दोन हजार सालानंतरचा तो काळ. जपानला आपली माणसं इतकी हवी होती, की आज सोडलं तर उद्या दुसरीकडे जॉब तयार. मी तिथे ब्रिज इंजिनीअर होतो. म्हणजे जपानी लोकांचं म्हणणं आपल्या टीमला सांगायचं आणि टीमचं त्यांना. एका गोदामाच्या सिस्टिमचा रिलीज दीड महिन्यावर आला होता. निम्मा कोड मंजिरीचा. ती गेली की क्लायंट जाणार आणि क्लायंट गेला की कंपनीला टाळं.

“पगाराचं काही आहे का?”

“नाही.”

“मग?”

ती तडकलीच. “ओगावा-सान रोज माझ्या चुका काढतात. रोज! शाळेतसुद्धा माझ्या वहीत एवढं लाल नव्हतं.”

ओगावा-सान म्हणजे आमचे मालक, वय साठीचं. त्यांचा नियम असा, की घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने निप्पो भरायचा. निप्पो म्हणजे दिवसभराच्या कामाचा एक पानी रिपोर्ट. आपली मंडळी तो इंग्रजीत लिहीत. सकाळी तो लाल शाईतले जपानी शेरे घेऊन परत येई आणि कोणालाच वाचता येत नसल्यामुळे थेट फाइलला लागे.

मला वाचता येत होतं. पण स्पेसिफिकेशन, मीटिंगा आणि ईमेल यांतच माझा जीव मेटाकुटीला आलेला. निप्पो कोण बघतो!

“फाइल आण,” मी म्हणालो.

पहिलंच पान वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंजिरीने लिहिलं होतं, टेस्टचं मशीन स्लो आहे. खाली लाल शाईत, ‘सांगितलंत ते बरं केलंत. नवीन मागवलंय, गुरुवारी येईल.’ मशीन गुरुवारी आलं होतं. आम्हाला वाटलं, आपोआपच आलं. दुसऱ्या पानावर, ‘मुलीचा ताप उतरला का? उद्या उशिरा आलात तरी चालेल.’ तिच्या अवघड इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात जपानी अर्थ लिहिलेले. हा माणूस रोज डिक्शनरी घेऊन बसत होता.

मंजिरी माझ्याकडे संशयाने बघत होती. “खरंच असं लिहिलंय? की मला थांबवायला सांगताय?”

“पानं घरी घेऊन जा. लेकीकडून वाचून घे.”

तिची मुलगी हिगाशी-कसाईच्या जपानी शाळेत पाचवीत होती.

मी ओगावा-सानांकडे गेलो, झालं ते सगळं सांगितलं आणि वाकून माफी मागितली. ते म्हणाले, “चूक माझीही आहे. लाल शाई चटकन दिसते, एवढाच मी विचार केला.”

दुसऱ्या दिवशी मंजिरी आली ती डोळे सुजवून. तिने राजीनामा परत मागून घेतला.

“लेकीने सगळं वाचलं. मग मलाच विचारते, आई, हे एवढं विचारतात, मग तू उत्तर का देत नाहीस?”

त्या दिवसापासून रोज सकाळी पंधरा मिनिटं मी टीमला शेरे वाचून दाखवू लागलो. रिलीज वेळेवर झाला. पुढची दोन वर्षं एकही माणूस गेला नाही आणि मंजिरी टीम लीड झाली. मी पुष्कळ सिस्टिम उभ्या केल्या, पण छाती फुगते ती या पंधरा मिनिटांच्या आठवणीने.

राजीनामा आला की कारण विचारावं, हे सगळेच मॅनेजर शिकतात. मी म्हणतो, त्याआधी आपल्याच कपाटातली फाइल वाचावी.