तिनं धरलेला माहा उपास

ताटं चारच वाढली. पाव्हन्यायची दोन, मोनालीचं एक, तिच्या बाबायचं एक. मले बाहीर ओसरीत स्टूल देलं. "तू तिथूनच बोल," मोनालीची माय म्हने. "आयकू येते इथवर."

पाव्हने म्हंजे फ्रान्सचे नवरा-बायको. लोणारचं सरोवर पाहाले आलेले, मोनालीच्या घरी उतरलेले. त्यायले इंग्रजी येत नव्हती, मोनालीले फ्रेंच; मी कालेजात फ्रेंच शिकली होती. मराठी गावठी दिसते म्हनून ही इंग्रजीत बोले, मी तेच फ्रेंचमधी सांगे. तिनंच बोलावलं होतं मले. "आपलंच घर हाय, ये नं वं!"

होस्टेलात आम्ही एका ताटात जेवलो. माह्या मायच्या हातचा ठेचा ती बोटं चाटून खाये. माही जात तिले पयल्या दिवसापासून मालूम होती. तवा जात कधी आडवी आली नाही.

"घ्या, लाजू नका. हे घर तुमचंच समजा." मोनाली इंग्रजीत म्हने, मी ओसरीतून फ्रेंचमधी. "भाजी अजून वाढू का?" माह्या पोटात कावळे कोकलून राह्यले होते, अन् मी दुसऱ्यायले आग्रह करून राह्यली होती!

पाव्हनीनं हात थांबवला. फ्रेंचमधी मले इचारलं, तू काऊन नाही जेवत? मी ते इंग्रजीत मोनालीले सांगितलं अन् तिच्याकडं पाहात राह्यली. वाटलं, आता ती उठन, माहा हात धरून आत नेईन.

तिनं मानही वर केली नाही. इंग्रजीत म्हने, "सांग तिले, तुहा आज उपास हाय."

अवं, तू तरी! तिचा बाप म्हनला असता तं मले काही वाटलं नसतं. आंग जळलं माहं.

मी उभी राह्यली. फ्रेंचमधी म्हनलं, "माहा उपास नाही. मले भूक लागली. माह्या जातीपायी हे मले आत बसवत नाहीत." मंग तेच इंग्रजीत. मंग मराठीत, सैपाकघरापर्यंत जाईल असं.

"पाव्हन्यायसमोर इज्जत घेतली वं आमची!" तिची माय ओरडली. पाव्हनी ताटावरून उठली होती.

मोनाली फाटकापर्यंत मांगं आली. "तुले मालूम हाय नं घरचे कसे हायेत. मी काय करू?"

"माह्यासाठी ताट मांडाचं होतं," मी म्हनलं, अन् निंघाली.

तिचे फोन येतात. मी उचलत नाही. लोणारात फ्रान्सचे पाव्हने आले की दुभाषी म्हनून बोलाले मी आजबी जाते, पन आधीच इचारते, मले कुठं बसवान? ज्याच्या घरात मले ताट नाही, त्याच्या तोंडचा एक शब्दही माह्या तोंडातून निंघनार नाही.