मंगफच्या गॅलरीतला नीरफणस

हसनला परत आणायचं म्हणून मी कुवेतला निघालो. हसन माझा रत्नागिरीकडच्या गावातला शेजारी आणि वर्गमित्र. उभा जन्म तिकडे नोकरीत गेला, निवृत्तीनंतरही मुलाकडेच राहिला. कोविडपासून तर गावी फिरकलाच नाही. जुबेदा वहिनी फोनवर म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच या. माझं ऐकत नाहीत." मी वर्तमानपत्रात गुंडाळून एक नीरफणस बॅगेत टाकला.

मुंबईहून थेट विमान चारेक तासांचं. जाणार असाल तर फेब्रुवारी बरा, पण स्वेटर न्याच. विमानतळावरून मंगफला, हसन राहतो त्या भागात, टॅक्सी पाच-सहा दिनार. आधी ठरवून बसा.

हसनच्या गॅलरीत निळ्या ड्रममध्ये नीरफणसाचं झाड. दूरच्या बेटांवरच्या दमट रानातलं हे सदाहरित झाड, त्याला वाळवंट कसं मानवावं? उन्हाळ्यात हसन एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून त्याला घालतो, थंडीत चादर पांघरवतो. शाळेतल्या कवितांतली झाडं कशी डोलायची, गायची! हे आपलं शहाण्या आजाऱ्यासारखं गप्प उभं.

"याला फणस धरला की येतो गावी," हसन म्हणाला. "तोवर नीरफणस तोंडात घालणार नाही. बोललोय तसं."

"ड्रमात फणस लागतो होय?" वहिनी करवादल्या. "यायचं नाही स्वतःला, नि नाव झाडाचं!"

दुसऱ्या दिवशी कुवेत शहरात, दस्मानच्या बाजूला समुद्रावर हिंडलो. तिकडचा दूध-वेलचीचा कडक करक चहा घेतला. पाण्याकडे बघत हसन हळूच म्हणाला, "गावात आता माझं काय उरलंय रे? बंद घर नि ओसाड अंगण."

मी उत्तर रात्रीच्या जेवणापर्यंत राखून ठेवलं.

वहिनींनी मी नेलेल्या नीरफणसाचे काप तळले, तिखट-हळद लावून, रव्यात घोळवून. हसनने बशी बाजूला सरकवली.

"खा," मी म्हणालो. "तुझ्याच झाडाचा आहे."

"थट्टा नको."

"आमच्या झाडाचं मूळ गडग्याखालून तुझ्या अंगणात शिरलं. विहिरीपाशी कोंब फुटला, मी वाढू दिला. यंदा पहिल्यांदाच धरलाय."

हसनने बशी परत ओढली. मग एक तुकडा मोडून आधी वहिनींच्या हातावर ठेवला, दुसरा स्वतः खाल्ला.

"मीठ कमी आहे," म्हणाला.

"गावी गेल्यावर घालते," वहिनी म्हणाल्या.

परत आलो त्याला आठवडा झाला. हसन नि वहिनी इकडे यायला निघाले की ड्रममधलं झाड सून सांभाळणार आहे. आणलेला खजूर वाटून संपला. उरलंय ते हे: सकाळी उठून हसनच्या घराच्या खिडक्या उघडायच्या, पडवी झाडायची. काल वहिनींनी फोनवर बजावलं, "विहीर उपसून ठेवा, भावजी. पहिली घागर मी काढणार." रहाट दुरुस्त करणारा आलाय, तिकडून हाका मारतोय. जातो.