युनियन हॉलमधलं खेळांचं कपाट

कॅझ वोयतास आमच्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात युनियनचा प्रतिनिधी होता. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या युनियन हॉलच्या मागच्या खोलीत त्यानं एक लोखंडी कपाट ठेवलं होतं. त्यात व्हिडिओ गेमच्या डिस्क. खेळून झालेली आणून ठेवायची, हवी ती न्यायची. ले-ऑफच्या हिवाळ्यात आमची पोरं त्या कपाटावर निभावली. कॅझला स्वतःला एकही खेळ येत नसे.

मग बातमी आली की हे खेळ चालवणारं नवं यंत्र प्रत्येक डिस्क पहिल्या मालकाच्या नावाला बांधून टाकणार. नकला रोखायला, असं ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं. दुसऱ्याच्या घरी तीच डिस्क कॉफीच्या कपाखाली ठेवायच्या लायकीची. कॅझनं संपाची शिस्त लावली. एकाच दिवशी, युनियनची जाकिटं घालून, आम्ही दुकानात रांग लावली आणि त्या यंत्राची आगाऊ नोंदणी रद्द केली. देशभर लोक चिडले होते. काही आठवड्यांत कंपनीनं अट मागे घेतली. हॉलमध्ये पिएरोगी, त्या पोलिश करंज्या, तळल्या गेल्या.

रंगखात्यातली लोरेना तेवढी म्हणाली, "कॅझ, त्यांची सही कुठंय?"

"अगं, अख्ख्या जगासमोर बोललेत ते."

"नुसत्या शब्दावर तू आम्हाला कधी संप सोडून कामावर जाऊ दिलंस?"

सगळे हसले. करारातल्या एका स्वल्पविरामासाठी आठवडा घालवणारा कॅझही हसला.

पुढं काही वर्षांनीही कंपनीनं तो शब्द मोडला नाही. फक्त डिस्कची खाचच नसलेलं एक यंत्र तिनं काढलं; खेळ थेट इंटरनेटवरून विकत घ्यायचे. खाचवाल्याच्या शेजारी, त्याहून स्वस्त. सक्ती कुणावरच नव्हती. कॅझनं पुन्हा सभा बोलावली, बिनखाचेचं यंत्र कुणी घ्यायचं नाही म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर कपाट भरू लागलं. खोकीच्या खोकी येऊ लागली. कॅझ आल्यागेल्याला दाखवायचा: लोक कसे पाठीशी उभे आहेत बघा.

माझ्या मुलीचा, टेसाचा पाय मोडला तेव्हा कॅझ चार डिस्क घेऊन घरी आला. टीव्हीखालचं यंत्र त्यानं उचललं, उलटं केलं, खाच शोधत चारी बाजूंनी अंगठा फिरवला.

"कधी घेतलंस, डेल?"

"थँक्सगिव्हिंगच्या सेलला. स्वस्त मिळालं."

"आणि लोरेना?"

"तिनंच दुकान सांगितलं."

त्यानं यंत्र जागेवर ठेवलं. कपाट का भरत होतं, ते त्याला तिथं, माझ्या बैठकीच्या खोलीत कळलं. टेसानं विचारलं, आजोबा काय आणलंय. त्यानं सांगितलं, काही नाही, चुकून आणलं.

दारात कोट चढवताना तो हळू बोलला. "कंपनी कंपनीसारखी वागली. तिच्याकडून मला दुसरी अपेक्षा नव्हती. पण तुम्ही माझ्या मागं उभे होतात ना रे?"

मी म्हणालो की आता सगळेच तसं घेतात. त्यानं मान डोलावली. सभेत आम्ही डोलवायचो तशीच.

वसंतात प्रतिनिधीची निवडणूक आली. त्यानं अर्ज भरला नाही. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.