नकाशावरची वहिनींची खानावळ

पुण्याच्या एसटीत बसले तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, स्टँडवर आली नव्हती. दुपारची गिऱ्हाइकं टाकून कशी येणार? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिनं अण्णांच्या हाती धाडली. अण्णा खिडकीपाशी एवढंच म्हणाले, ‘पोटाची आबाळ करू नगंस.’ सोलापूर सोडलेल्या तुम्हा सगळ्यांनाही घरच्यांनी असंच काहीबाही सांगून लावून दिलं असेल.

पुण्यात वेब डिझाइन शिकले, तिथंच लग्न झालं. घरच्या खानावळीची वेबसाइट केली. नाव पाटीवरचं, अव्वाचं: ‘गौरव्वा भोजनालय’. भाकरी थापताना अव्वाचा फोटो, खानावळ कशी उभी राहिली त्याची गोष्ट, सगळं जीव ओतून केलं. बघणारे कोण? मी आणि नवरा. तोही मी बघायला लावलं म्हणून.

मग भावाचं लग्न झालं. वहिनी मंद्रूपची, माझ्याहून लहान. तिनं आल्या आल्या फोनवरच्या नकाशात खानावळ टाकली. नाव काय दिलं? ‘वहिनींची खानावळ’. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायला लागली होती, म्हणून. पाटीवरचं नाव कुणी घेतच नाही, हे मला पुण्यात बसून कुठून कळणार? लोक ‘जवळची खानावळ’ शोधतात आणि हिचं नाव वर येतं. ‘वहिनींच्या हातची आमटी लई भारी’ असं वाचलं की माझ्या अंगाची लाही लाही होते. आमटी अव्वाची, मसाला अव्वाचा, आणि नाव हिचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! अव्वाला फोनवर बोलले, तर म्हणाली, ‘माणसं जेवून जात्यात की. नाव कुणाचं का असंना.’ जिचं नाव गेलं तिला काही नाही. जळतेय मी एकटी.

परवा दिवाळीला जाऊन आले. खानावळीच्या मागंच आमचं घर. परतल्यावर फोननं विचारलं, इथलं जेवण कसं वाटलं? मी पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘चव लहानपणी होती तशीच.’ खातं नवऱ्यानं कधीतरी भलत्याच टोपणनावानं काढलेलं, त्यामुळं वहिनीला कळायचं कारण नव्हतं. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, सगळ्या गिऱ्हाइकांना देते तेच: ‘आभारी आहोत. पुन्हा नक्की या.’

फोन करून ‘अगं, ती मी’ म्हणता आलं असतं. नाही केला. घरच्या माणसाला कुणी ‘पुन्हा या’ म्हणत नाही.